स्प्रेडशीटला नेमके काय विचारायचे?

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. अकरावीतला एक मुलगा प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. "सर, मागच्या आठवड्यातले लंबकाचे प्रात्यक्षिक माझे बुडाले. आजोबा आजारी होते म्हणून गावी गेलो होतो. पुन्हा कधी करता येईल?" मी संगणकावरचे गुणपत्रक उघडले, त्याच्या नावाच्या ओळीवर बोट ठेवले आणि जरा वैतागूनच म्हणालो, "अरे, तुला तर वीसपैकी सतरा गुण मिळालेत. आता पुन्हा कशाला करतोस?" तो गोंधळला. एकदा पडद्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत म्हणाला, "पण सर, मी त्या दिवशी इथे नव्हतोच."

त्या रात्री मी सगळे गुणपत्रक पुन्हा तपासले. आणखी दोन गैरहजर विद्यार्थ्यांच्या नावावर असेच फुकटचे गुण पडलेले होते. ते दोघे काही माझ्याकडे आले नव्हते! चूक माझीच होती. स्प्रेडशीटमधले एक फंक्शन मी चुकीच्या ठिकाणी वापरले होते, आणि यंत्राने कसलीही कुरकुर न करता मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले होते. मला विचारायचा होता तो प्रश्न मात्र वेगळा होता. नेमके काय घडले ते पुढे ओघात येईलच. आधी मला जे म्हणायचे आहे ते सांगून टाकतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही आठवी-नववीपासून शाळेच्या संगणक कक्षात स्प्रेडशीट वापरता. कोठे एक्सेल असते, कोठे लिब्रे ऑफिसचे कॅल्क असते, कोणी गूगल शीट्स वापरतात. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना बेरजेचे, सरासरीचे, सर्वांत मोठ्या संख्येचे अशी दहा-वीस फंक्शने तोंडपाठ असतात. पण "येथे हेच का वापरलेस?" असे विचारले, की "सर, असेच करतात" याखेरीज उत्तर मिळत नाही. माझे मत असे आहे, की फंक्शनांची यादी पाठ करणे म्हणजे स्प्रेडशीट शिकणे नव्हे. प्रत्येक फंक्शन हा एक प्रश्न असतो. दोन फंक्शने एकाच आकड्यांवर वेगळी उत्तरे देतात, कारण ती दोन वेगळे प्रश्न विचारतात. कोणता प्रश्न विचारायचा हे ठरवण्याचे काम यंत्र करीत नाही. ते प्रयोग करणाऱ्याचेच आहे. आणि ते शिकण्याची जागा संगणक कक्षापेक्षा विज्ञानाची प्रयोगशाळा अधिक, असे मला वाटते.

थोडा इतिहास सांगतो. डॅन ब्रिकलिन नावाचा हार्वर्डमधील एक विद्यार्थी फळ्यावरच्या मोठाल्या कोष्टकांना कंटाळला होता. एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागे. त्याने बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या मदतीने १९७९ साली ॲपल-टू या संगणकासाठी व्हिजिकॅल्क हा कार्यक्रम बाजारात आणला. एक आकडा बदला, त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे आपोआप बदलतात. आजच्या सगळ्या स्प्रेडशीटांचा मूळ पुरुष तो. फंक्शनांची नावे यंत्रावर रोमन लिपीत लिहावी लागतात. येथे मी ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत देत आहे.

आता प्रयोगशाळेत चला. साधा लंबक टांगला आहे, लांबी एक मीटर. विराम घड्याळाने वीस आंदोलनांचा काळ पाच वेळा मोजला. वाचने आली ती अशी: ४०.२, ४०.०, ४०.३, ४०.१ आणि ४२.१ सेकंद. ॲव्हरेज हे फंक्शन लावले तर उत्तर येते ४०.५४. म्हणजे एका आंदोलनाला २.०२७ सेकंद, आणि त्यावरून गुरुत्व त्वरण येते ९.६१. पुस्तकातल्या ९.८ पासून हे बरेच दूर आहे. आता ॲव्हरेजच्या जागी मीडियन लिहा. मीडियन म्हणजे तुमच्या गणिताच्या पुस्तकातला मध्यक. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला उचलायचा. तो येतो ४०.२, आणि गुरुत्व त्वरण ९.७७. पाहा, एका शब्दाच्या बदलाने केवढा फरक पडला!

"मग नेहमी मीडियनच वापरावे," असे तुम्ही म्हणाल. थोडे थांबा. ॲव्हरेज सर्व आकड्यांना सारखा मान देते. एखादा आकडा भरकटला तर तो सगळ्यांना आपल्याकडे ओढतो. मीडियन भरकटलेल्या आकड्याला जुमानत नाही, पण त्याच वेळी चांगल्या आकड्यांतली बरीचशी माहितीही वाया घालवते. वाचने सगळी प्रामाणिक असतील, चुका थोड्या अधिक-उण्या असतील, तर ॲव्हरेजच चांगले. गावातल्या घरांचे उत्पन्न किंवा जमिनीचे भाव असे काही असेल, जेथे एक-दोन आकडे प्रचंड मोठे असणारच, तेथे मीडियन. आणि बहुलक काढणारे मोड? चपलांच्या दुकानदाराने कोणत्या मापाच्या चपला जास्त मागवाव्या याला ते ठीक. दशांश चिन्हापुढे मोजलेल्या वाचनांना त्याचा उपयोग जवळजवळ नाही. एकही आकडा दोनदा आलेला नसेल तर ते चूक दाखवून मोकळे होते.

पण आपल्या लंबकाच्या बाबतीत खरे उत्तर या तिन्हींपैकी कशातच नाही. तो ४२.१ कडे नीट पाहा. इतर वाचनांपेक्षा तो सुमारे दोन सेकंदांनी मोठा आहे. दोन सेकंद म्हणजे काय? या लंबकाचे बरोबर एक आंदोलन! मोजणाऱ्याने वीसऐवजी एकवीस आंदोलने मोजली आहेत, हे उघड आहे. तो आकडा कारण लिहून वगळला, की उरलेल्या चारांचे ॲव्हरेज ४०.१५ येते आणि गुरुत्व त्वरण ९.८०. हे कोणत्याही फंक्शनने सांगितले नाही. आकड्यांकडे डोळे उघडे ठेवून पाहिल्याने कळले. मात्र "उत्तर बरे यावे म्हणून" आकडा खोडणे ही लबाडी. "एक आंदोलन जास्त मोजले गेले" असे कारण वहीत नोंदवून वगळणे हा प्रयोग. दोहोंत फरक करायला शिका.

या चार वाचनांत विस्कळितपणा किती, हे प्रमाण विचलनाने सांगतात. येथे स्प्रेडशीट तुमच्यापुढे दोन फंक्शने ठेवते: स्टडेव्ह-एस आणि स्टडेव्ह-पी. पहिल्याने ०.१३ येते, दुसऱ्याने ०.११. पहिले वर्गांच्या बेरजेला तीनने भागते, दुसरे चारने. विद्यार्थी बहुधा यादीत जे आधी दिसेल ते उचलतात. नियम सोपा आहे. तुमच्या हातातले आकडे हीच संपूर्ण गोष्ट असेल, उदाहरणार्थ एका वर्गातल्या सर्व मुलांचे गुण आणि तुम्हाला फक्त त्याच वर्गाविषयी बोलायचे असेल, तर पी. हातातले आकडे हा मोठ्या समूहातला केवळ नमुना असेल, तर एस. लंबकाची वाचने तुम्ही चार घेतली, पण चारशेही घेता आली असती. म्हणून प्रयोगशाळेत एस. वाचने शंभर असली तर दोहोंत नावापुरताच फरक उरतो. चारच असली तर तो डोळ्यांत भरतो.

रिकाम्या जागांचा प्रश्न यापेक्षा फसवा आहे. पाच मुलांच्या चाचणीचे गुण असे आहेत: १४, १६, १२, १८, आणि पाचव्याच्या चौकटीत 'गैरहजर' असा शब्द. ॲव्हरेज तो शब्द ओलांडून पुढे जाते आणि ६० ला ४ ने भागून १५ सांगते. ॲव्हरेज-ए नावाचे त्याचे भावंड शब्दाला शून्य मानते आणि ६० ला ५ ने भागून १२ सांगते. चौकट अगदी रिकामी ठेवली तर दोघेही ती ओलांडतात. तेथे ० लिहिले तर दोघेही ते धरतात. मोजणाऱ्या फंक्शनांचेही असेच: काउंट फक्त संख्या मोजते, म्हणून चार, काउंट-ए जेथे काहीही लिहिले आहे ते मोजते, म्हणून पाच. हजर किती, याला काउंट. यादीत नावे किती, याला काउंट-ए. अमुक अटीत बसणारी किती, याला काउंट-इफ. वर्गाला धडा कितपत समजला हे पाहायचे असेल तर गैरहजर मुलाला शून्य धरणे अन्यायाचे. पण पावसाचा आकडा मांडताना, ज्या दिवशी पाऊस पडलाच नाही ती चौकट रिकामी ठेवली तर महिन्याची रोजची सरासरी फुगलेली येईल. तेथे शून्यच लिहायला हवे. 'माहीत नाही' आणि 'शून्य' या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. माणसांना हे कळते, परंतु घाईत आपण ते विसरतो.

सरासरीच्या बाबतीत मोठमोठे विद्वानही कसे ठेचकाळतात, याचे एक उदाहरण जगभर गाजले. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली एक निबंध प्रसिद्ध केला. ज्या प्रगत देशांवर राष्ट्रीय उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक सरकारी कर्ज असते, त्यांची वाढ सरासरीने उणे ०.१ टक्का होते, असा त्यात निष्कर्ष होता. अनेक देशांत सरकारी खर्चात कपात करावी की नाही, या वादात त्याचा हवाला दिला गेला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात थॉमस हर्न्डन नावाच्या विद्यार्थ्याने वर्गातला अभ्यास म्हणून तेच आकडे पुन्हा मांडून पाहिले. त्याला ते उत्तर काही केल्या येईना. मूळ लेखकांनी आपली एक्सेलची फाइल त्याला दिली. त्यात सरासरीचे सूत्र ३० ते ४९ या ओळींवर असायला हवे होते, ते ३० ते ४४ ओळींवरच थांबले होते. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क असे पाच देश बाहेरच राहिले होते! हर्न्डन आणि त्याचे प्राध्यापक मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन यांनी २०१३ मध्ये जे उत्तर प्रसिद्ध केले ते अधिक २.२ टक्के होते.

ही गोष्ट बहुतेक जण येथेच संपवतात आणि 'ओळी निवडताना जपा' एवढेच सांगतात. खरे पाहता त्या सुटलेल्या ओळींचा परिणाम लहान होता. मोठा फरक दुसऱ्या दोन गोष्टींनी पडला होता. काही देशांची काही वर्षे मांडणीत घेतलीच नव्हती. आणि दुसरी, जी आपल्या विषयाशी निगडित आहे, ती अशी: प्रत्येक देशाची आधी स्वतंत्र सरासरी काढून मग त्या सरासऱ्यांची सरासरी घेतली होती. त्यामुळे न्यूझीलंडचे एकच वर्ष, उणे ७.६ टक्क्यांचे, आणि ब्रिटनची एकोणीस वर्षे, सरासरी २.४ टक्क्यांची, एकाच तागडीत सारख्या वजनाने तोलली गेली.

तुमच्या शाळेतले उदाहरण घेऊ. 'अ' तुकडीत ६० मुले, सरासरी गुण ५०. 'ब' तुकडीत २० मुले, सरासरी ७०. या दोन सरासऱ्यांवर ॲव्हरेज लावले तर ६० येते. पण सर्व ८० मुलांची खरी सरासरी आहे ५५. ती काढायला सम-प्रॉडक्ट हे फंक्शन वापरायचे: ते ६० गुणिले ५० आणि २० गुणिले ७० यांची बेरीज करून ४४०० देते, तिला एकूण मुलांच्या संख्येने भागायचे. 'सरासरी मुलगा' हवा असेल तर सम-प्रॉडक्ट. 'सरासरी तुकडी' हवी असेल तर ॲव्हरेज. मूळ लेखकांनी सुटलेल्या ओळींची चूक कबूल केली, पण प्रत्येक देशाला सारखे वजन देण्याचा आपला निर्णय मात्र योग्य ठरवला. त्यावर अर्थशास्त्रज्ञांनी खुशाल वाद घालावा. आपल्यापुरते एवढे पुरे, की एका विद्यार्थ्याला वर्गातल्या अभ्यासात हे सापडले.

पुन्हा लंबकाकडे येतो, कारण मला सर्वांत आवडणारी तुलना तेथेच आहे. आता लांबी बदलत पाच वेळा प्रयोग केला. लांब्या ०.६, ०.७, ०.८, ०.९ आणि १.० मीटर. आवर्तकालाचे वर्ग अनुक्रमे २.४८, २.८८, ३.२९, ३.६९ आणि ४.०९. आपल्या जुन्या प्रयोगवह्यांत प्रत्येक ओळीला गुरुत्व त्वरण काढायचे आणि शेवटी पाचांची सरासरी घ्यायची अशी पद्धत असे. अजूनही अनेक ठिकाणी तीच आहे. करून पाहा. पाच उत्तरे येतात ९.५५, ९.६०, ९.६०, ९.६३, ९.६५. सरासरी सुमारे ९.६१.

आता ॲव्हरेज सोडा आणि स्लोप घ्या. स्लोप म्हणजे आलेखावरच्या बिंदूंतून जास्तीत जास्त जुळणारी जी सरळ रेषा जाते तिचा चढ. क्ष-अक्षावर लांबी, य-अक्षावर आवर्तकालाचा वर्ग. (या फंक्शनला य चे आकडे आधी द्यावे लागतात आणि क्ष चे नंतर. दरवर्षी निम्मा वर्ग ते उलटे देतो आणि चढ पाव निघाला म्हणून माझ्याकडे येतो.) चढ येतो ४.०३. चार पाय वर्गाला, म्हणजे ३९.४८ ला, त्याने भागले की गुरुत्व त्वरण ९.८० मिळते. आकडे तेच, हातही तेच, सरासरीने ९.६१ दिले आणि चढाने ९.८०. हे कसे?

रेषा य-अक्षाला कोठे छेदते हे सांगणारे इंटरसेप्ट नावाचे फंक्शन आहे. ते येथे ०.०६२ देते. सिद्धान्ताप्रमाणे ते शून्य यायला हवे; लांबी शून्य तर आवर्तकालही शून्य. या ०.०६२ ला ४.०३ ने भागा. उत्तर ०.०१५ मीटर, म्हणजे दीड सेंटिमीटर. विद्यार्थ्याने दोरीची लांबी गोलकाच्या कडीपर्यंतच मोजली होती. कडीपासून गोलकाच्या मध्यापर्यंतचा दीड सेंटिमीटर त्याने धरलाच नव्हता. प्रत्येक लांबीत तेवढीच चूक असल्याने ओळीओळीने काढलेली सगळी उत्तरे कमी आली, आणि शंभर वाचने घेऊन सरासरी काढली असती तरी ती कमीच आली असती. चढावर मात्र या चुकीचा परिणाम झाला नाही, कारण सर्व बिंदू सारखेच सरकले होते. सरासरी पुढेमागे होणाऱ्या चुका पुसून काढते. एकाच दिशेने होणारी चूक तिला दिसतही नाही. त्या पाच उत्तरांकडे पुन्हा पाहा: ९.५५ पासून ९.६५ पर्यंत ती चढतच गेली आहेत. जेथे पाचही उत्तरे एकच यायला हवीत, तेथे ती अशी रांगेने चढू लागली की समजावे, पाणी कोठेतरी मुरते आहे.

आलेखावर रेषा काढताना मुलांना आर-वर्ग नावाचा आकडा फार आवडतो. आर-एस-क्यू या फंक्शनाने तो मिळतो. एकच्या जवळ आला की प्रयोग उत्तम झाला असे ते समजतात. वरच्या आकड्यांचा आर-वर्ग ०.९९९९ हूनही अधिक आहे! बिंदू रेषेच्या किती जवळ आहेत एवढेच तो सांगतो. ती रेषा योग्य ठिकाणाहून जाते की नाही, याच्याशी त्याला काही कर्तव्य नाही.

आता माझ्या चुकीकडे. एका पानावर हजेरी क्रमांकाप्रमाणे पूर्ण वर्गाची यादी होती. दुसऱ्या पानावर ज्यांनी प्रात्यक्षिक केले त्यांचेच क्रमांक आणि गुण होते. पहिल्या यादीपुढे दुसरीतले गुण आणून ठेवण्यासाठी मी व्ही-लुकअप वापरले. त्याला चार गोष्टी सांगाव्या लागतात: काय शोधायचे, कोठे शोधायचे, सापडल्यावर कितव्या स्तंभातला मजकूर आणायचा, आणि चौथी, जुळणी तंतोतंत हवी की जवळची चालेल. ही चौथी गोष्ट सांगितली नाही तर यंत्र 'जवळची चालेल' असे धरून चालते. मी ती सांगितली नव्हती. तो मुलगा २३ क्रमांकाचा. दुसऱ्या पानावर २३ नव्हताच; तेव्हा यंत्राने त्याच्या खालचा सर्वांत जवळचा क्रमांक, म्हणजे २२, घेतला आणि बावीस क्रमांकाच्या मुलीचे सतरा गुण त्याच्या पदरात टाकले.

मग ही 'जवळची' जुळणी हवीच कशाला? तिचेही काम आहे. दहावीच्या टक्क्यांवरून श्रेणी काढायची आहे, असे समजा. एका लहान कोष्टकात ० पुढे अनुत्तीर्ण, ३५ पुढे उत्तीर्ण, ४५ पुढे द्वितीय श्रेणी, ६० पुढे प्रथम श्रेणी आणि ७५ पुढे विशेष प्रावीण्य असे चढत्या क्रमाने लिहा. ६८ टक्के मिळाले. ६८ हा आकडा कोष्टकात नाही, पण त्याखालचा सर्वांत जवळचा ६० आहे, म्हणून प्रथम श्रेणी. येथे तंतोतंत जुळणी मागितली असती तर बहुतेक मुलांना श्रेणीच मिळाली नसती. म्हणजे पट्टे असतील, मर्यादा असतील, तेथे जवळची जुळणी. क्रमांक, नाव, मूलद्रव्याची संज्ञा अशी ओळख पटवायची असेल तेथे तंतोतंतच. हीच श्रेणी काही जण इफच्या पोटात इफ, त्याच्या पोटात आणखी इफ असे लिहून काढतात. दोन पर्याय असतील तर इफ चांगले; पाच असतील तर कोष्टक करून शोधणे बरे, नाहीतर कंस मोजता मोजता जीव जातो.

व्ही-लुकअप फक्त डावीकडून उजवीकडे शोधते, आणि मध्ये कोणी एखादा नवा स्तंभ घातला की चुकीच्या स्तंभातला मजकूर आणते. म्हणून मी आता इंडेक्स आणि मॅच ही जोडी वापरतो. मॅच कितव्या ओळीत ते शोधते, इंडेक्स त्या ओळीतला मजकूर आणते. मात्र मॅचलाही 'तंतोतंत' हे शून्य लिहून सांगावे लागते. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली जाहीर केलेले एक्स-लुकअप मुळातच तंतोतंत जुळणी धरते, म्हणून नवशिक्यांना तेच चांगले. पण शाळेतल्या जुन्या संगणकावर ते नसण्याचाच संभव अधिक.

तंतोतंत जुळणी मागितली आणि क्रमांक सापडला नाही, तर चौकटीत 'एन-ए' अशी चूक उमटते. ती दिसायला वाईट दिसते, म्हणून इफ-एरर या फंक्शनाने ती झाकून तेथे शून्य दाखवण्याची युक्ती अनेक जण शिकवतात. मला ती मुळीच पसंत नाही. गैरहजर मुलगा आणि शून्य गुण मिळालेला मुलगा पुन्हा एकसारखे दिसू लागतात. इतकेच नव्हे, सूत्र चुकले असले तरी शून्यच दिसते. निदान शिकत असताना तरी चुका उघड्या राहू द्या.

राउंडबद्दल थोडेच सांगतो. चौकटीची सजावट बदलून दशांश कमी दाखवता येतात, त्याने आतला आकडा बदलत नाही. राउंडने तो खरोखर बदलतो. वर्षाची सरासरी ३४.५ आहे, सजावटीमुळे ३५ दिसते, आणि शेजारचे इफ मात्र 'अनुत्तीर्ण' म्हणते, असा प्रसंग मी पाहिला आहे. पालक यंत्र बिघडले म्हणून भांडत होते. तेथे काय करायचे हा नियमाचा प्रश्न. नियम पूर्णांकात गुण द्या म्हणत असेल तर राउंड लावूनच इफ विचारावे. प्रयोगात मात्र राउंड अगदी शेवटी. मघाचा आवर्तकाल २.००७५ सेकंद, त्याला आधीच २.० करून टाकले तर गुरुत्व त्वरण ९.८० चे ९.८७ होते. आणि इंट हे राउंडचे जुळे भावंड नव्हे, ते ९.८० चे सरळ ९ करते.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक सूचना आहे. विद्यार्थ्याने प्रयोगवहीत स्प्रेडशीटचे छापील पान चिकटवले तर ते जरूर घ्यावे. लॉगसारणीत तास घालवण्यापेक्षा तो वेळ वाचनांकडे पाहण्यात जावा. मात्र त्याखाली दोन ओळी हाताने लिहून मागाव्यात: कोणते फंक्शन वापरले, आणि त्याच्या ऐवजी दुसरे का वापरले नाही. पहिला प्रयोग तरी पाच आकड्यांपुरता कागदावर सोडवून घ्यावा. मी गेली तीन वर्षे असे करतो आहे. मुले सुरुवातीला कंटाळतात, हे खरे. वेळापत्रकात तासिका पुरत नाहीत, हेही खरे. तेव्हा मी दोन प्रयोग कमी करतो आणि उरलेल्यांवर हे दोन ओळींचे काम घेतो.

त्या मुलाने पुढच्या सोमवारी प्रात्यक्षिक केले. त्याला पंधरा गुण मिळाले.

त्याचे आकडे येथे देत नाही, पण त्याच्या शेजारच्या टेबलावरचे देतो. लांब्या ०.५, ०.६, ०.७, ०.८, ०.९ मीटर, आवर्तकालाचे वर्ग १.९३, २.३४, २.७४, ३.१४, ३.५५. आधी ओळीओळीने गुरुत्व त्वरण काढून त्यांची सरासरी घ्या, मग स्लोप आणि इंटरसेप्ट लावा. या वेळी इंटरसेप्ट उणे येईल. ती मुलगी लांबी कोठून कोठपर्यंत मोजत होती?